कल्पनेतल्या तंबूलाही तणावे लागतात

अद्भुतरम्य कथा, चित्रपट आणि संगणकीय खेळ यांत तंबू वारंवार येतो. लढाईच्या आदल्या रात्रीची छावणी, भटक्या टोळीची पाले, राणीचा रेशमी डेरा, जादूगाराची माळावरची एकटी राहुटी ही दृश्ये त्याच्यावाचून पुरी होत नाहीत. किल्ला रेखाटताना चित्रकार भिंतीची जाडी आणि कमानीचा आधार यांचा थोडाफार विचार करतो. तंबू मात्र हवा तसा आकार देता येणारे रंगीत कापड समजून काढला जातो. त्याचे छत आतून काही आधार नसताना बाहेर फुगते, कनाती दोऱ्यांशिवाय ताठ उभ्या राहतात, शंभर माणसे मावतील एवढ्या दालनात एकही खांब दिसत नाही. पाहणाऱ्याला नेमकी चूक सांगता येत नाही, पण तंबू खोटा वाटतो. वजन आणि वाऱ्याचा जोर जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतो, हे त्याला कुठेच दिसलेले नसते. ती वाट दाखवता आली, तर कितीही विलक्षण आकाराचा तंबू पटू शकतो.

ओढ आणि दाब

दगडी भिंत दाब सहन करते. वरून वजन आले की तिचे दगड एकमेकांवर अधिक घट्ट बसतात. कापड दाबले की दुमडते. त्याला फक्त ओढ सहन होते, आणि दोरीलाही तेवढेच जमते. खांबाचे काम याच्या उलट आहे. तो दाब घेतो. खांब कापडाला वर उचलतो, तणावे, म्हणजे बाजूच्या ताणलेल्या दोऱ्या, त्याला बाहेर आणि खाली खेचतात, मेखा ती ओढ जमिनीत उतरवतात. या सर्वांची ओढाताण बरोबरीत आली की तंबू उभा राहतो.

या बरोबरीतला एक घटक काढून घेतला की काय होते, याचा दाखला मराठी परंपरेतच आहे. १६८९ मध्ये संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण यांनी औरंगजेबाच्या छावणीवर रात्री छापा घातला, बादशाही डेऱ्याचे तणावे तोडून तो पाडला आणि वरचे सोन्याचे कळस नेले, अशी कथा सांगितली जाते. डेरा पाडण्याची ही रीत रचनेच्या दृष्टीने अचूक आहे. खांब तोडायला वेळ लागतो, कापड जाळायला आग लागते. तणावे मात्र तलवारीच्या काही घावांत तुटतात, आणि एका बाजूचे तणावे गेले की उरलेल्या बाजूची ओढ डेऱ्याला आपल्याकडे पाडते.

तणाव्याचा कोन आणि मेखेची पकड

चित्रांत तणावे बहुधा तंबूला चिकटून, जवळजवळ उभे काढलेले असतात. जागा वाचते, पण त्यांचा उपयोग संपतो. वारा आडवा ढकलतो, म्हणून दोरीलाही आडवे खेचता आले पाहिजे. खांबाच्या टोकावर १०० किलोचा आडवा जोर आला आणि तणावा जमिनीशी ४५ अंशांत असेल, तर दोरीवर सुमारे १४० किलोची ओढ येते आणि खांब १०० किलोने खाली दाबला जातो. तोच तणावा ७० अंशांइतका उभा केला, तर दोरीवरची ओढ २९० किलोंच्या घरात जाते आणि खांबावरचा दाब पावणेतीनपट होतो. म्हणून मेख खांबापासून साधारण त्याच्या उंचीइतकी दूर ठोकणे हा सोयीचा नियम ठरतो. याचा परिणाम छावणीच्या चित्रावरही होतो. चार मीटर उंचीच्या तंबूभोवती चहूबाजूंनी कित्येक मीटरची पट्टी दोऱ्यांनी व्यापलेली असते, दोन तंबू एकमेकांना खेटून उभे राहत नाहीत, आणि रात्री धावणारा सैनिक तणाव्यात अडखळतो.

मेख तंबूपासून दूर झुकलेली ठोकतात आणि दोरी तिला जमिनीलगत बांधतात. दोरी वर सरकली की ओढ मेखेला उपटू लागते. मेखेची पकड मातीवर अवलंबून असते. घट्ट जमिनीत लाकडी मेख पुरते. वाळूत ती निसटते, म्हणून तिथे वाळूने भरलेली पोती किंवा आडवा ओंडका पुरून त्याला दोरी बांधावी लागते. कातळावर मेख शिरतच नाही, तिथे धोंड्यांचा ढीग लागतो. बर्फातही काहीतरी आडवे पुरण्याला पर्याय नाही. वाळवंटातल्या कल्पित टोळीच्या तंबूभोवती अशी पुरलेली पोती दिसली, तरी तो प्रदेश अधिक खरा वाटू लागतो.

कापडाचा आकार

कपडे वाळत घालायची दोरी कितीही ओढली तरी ओल्या कपड्यांखाली थोडी झुकतेच, आणि हा झोल जितका कमी करावा तितकी तिच्यावरची ओढ वाढते. दहा मीटर अंतराच्या दोरीवर दर मीटरला १० किलो वजन असेल आणि मध्यभागी एक मीटर झोल असेल, तर ओढ सुमारे १२५ किलो येते. झोल १० सेंटिमीटरवर आणला की ती दहापट होते. कापडाचा हिशेब असाच आहे. सपाट ताणलेले छत दिसायला नेटके असले, तरी वाऱ्यापावसाचा भार घेताना त्यावर सर्वाधिक ओढ येते. शिवाय ते मध्ये थोडे दबले की तिथे पाणी साचते. एक चौरस मीटर जागेत पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे ५० किलो. त्या वजनाने खोलगटपणा वाढतो, त्यात आणखी पाणी येते आणि शेवटी शिवण उसवते.

यावर उपाय वळणाचा आहे. कापडाला एका दिशेने खाली आणि दुसऱ्या दिशेने वर असे एकाच वेळी दोन वळणे दिली, म्हणजे घोड्याच्या खोगिराचा आकार दिला, की ते स्थिर होते. वारा खाली दाबतो तेव्हा एका वळणातले धागे भार घेतात, वर उचलतो तेव्हा दुसऱ्या वळणातले. जर्मन वास्तुरचनाकार फ्राय ऑटो (१९२५–२०१५) यांनी या आकारांचा पद्धतशीर अभ्यास केला. तारेच्या चौकटीवर साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा धरला की तो कमीत कमी क्षेत्रफळाचा आणि सगळीकडे सारख्या ताणाचा आकार आपोआप घेतो. ते प्रयोग मोजून त्यांनी छतांचे आकार ठरवले. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनातला जर्मन मंडप आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची छते या विचारातून आली.

चित्रकाराच्या दृष्टीने यातून एक सोपी खूण निघते. खांबाच्या टोकापासून कडेपर्यंत येणारी छताची रेषा आत झुकलेली हवी: वर तीव्र उताराची, खाली पसरत जाणारी. बाहेर फुगलेली रेषा दाखवायची असेल, तर आत वाकवलेल्या काठ्या, बांबूची कडी किंवा हवेचा दाब यांपैकी काहीतरी असायला हवे. कांद्याच्या आकाराचा घुमट असलेला परीराणीचा तंबू अशक्य नाही. पण कापडावर आतल्या कड्यांच्या गोल रेषा उमटलेल्या दिसल्या पाहिजेत.

कापड विणलेले असते, हेही विसरून चालत नाही. उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने ते कमी ताणले जाते आणि तिरक्या दिशेने जास्त. मागाच्या पन्ह्यापेक्षा मोठा तुकडा मिळत नसल्याने मोठे छत पट्ट्या जोडूनच शिवावे लागते. शंकूच्या आकाराच्या छतासाठी त्रिकोणी कळ्या एकमेकींना जोडतात, त्यामुळे शिवणी शेंड्याकडून कडेकडे उतरतात. जिथे दोरी बांधली जाते तिथे सगळी ओढ एका बिंदूवर येते. त्या जागी दुहेरी-तिहेरी कापड, चामड्याचा तुकडा किंवा काठाला शिवलेला दोर लागतो. चित्रात या शिवणी आणि ठिगळे दाखवली की तंबू किती मोठा आहे, तेही न सांगता कळते.

खांब आणि शेंडा

खांब बहुधा चिरडून मोडत नाही; तो आधी बाजूला वाकतो आणि मग मोडतो. लांबी दुप्पट केली की त्याच जाडीचा खांब एक चतुर्थांश भारालाच वाकतो. जाडी दुप्पट केली तर मात्र ताकद सोळापट होते. त्यामुळे उंच डेऱ्याला भाल्याएवढा बारीक खांब शोभत नाही. १५२० मध्ये कॅलेजवळ इंग्लंडचा आठवा हेन्री आणि फ्रान्सचा पहिला फ्रान्स्वा भेटले, तेव्हा फ्रान्स्वाच्या भव्य सोनेरी डेऱ्याला जहाजाच्या डोलकाठ्यांचा आधार दिला होता. तरीही वारापावसापुढे तो डेरा टिकला नाही. डोलकाठी, शीड आणि दोर यांचे ज्ञान तंबूच्या कामी नेहमीच आले आहे. रोमच्या कलोसियमवरचे प्रचंड कापडी छप्पर ताणायला आरमारातले खलाशी नेमलेले असत.

खांबाचे टोक थेट कापडात घुसवले तर ते फाडून बाहेर येईल. म्हणून शेंड्यावर लाकडी तबकडी, चामड्याची टोपी किंवा कडे बसवतात, जेणेकरून ओढ मोठ्या घेरावर वाटली जाते. डेऱ्यावरचा कळस शोभेचा असला तरी त्याच्याखालचा जोड कामाचा असतो. १९८१ मध्ये सुरू झालेल्या जेद्दा विमानतळाच्या हज टर्मिनलवर प्रत्येकी ४५ मीटर चौरसाची २१० तंबूवजा छते आहेत. काचतंतूंच्या त्या कापडाचा शेंडा बिंदूत मिळत नाही. तो मोठ्या पोलादी कड्याला जोडलेला आहे, आणि ती कडी उंच मनोऱ्यांना तारदोरांनी टांगलेली आहेत. मधल्या उघड्या भागातून गरम हवाही बाहेर पडते.

मोठा तंबू म्हणजे मोठे कष्ट

सर्व मापे दुप्पट केली तर कापड चौपट लागते, वाऱ्याचा एकूण जोर चौपट होतो, कापडाच्या प्रत्येक मीटर रुंदीवरची ओढ दुप्पट होते आणि खांबांचे वजन आठपट भरते. म्हणजे राक्षसाचा तंबू हा माणसाच्या तंबूची नुसती मोठी प्रत असू शकत नाही. त्याचे कापड जाड हवे, मेखा अधिक आणि खोल हव्यात, आणि एवढ्या लांबीचे एकसंध झाड न मिळाल्यास खांब तुकडे जोडून, कडी ठोकून बनवावा लागेल.

वाऱ्याचे आकडेही ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ६ किलोंचा जोर लावतो. वेग ७२ वर गेला की जोर २५ किलो होतो. चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच कनातीवर मग ३०० किलोंचा जोर येतो. वारा ओसरेपर्यंत कनाती सोडून ठेवणे किंवा तंबू उतरवणे याला अशा वेळी पर्याय नसतो, आणि कथेतल्या छावणीत असा प्रसंग आला तर तो खराच वाटेल.

अतिभव्य तंबूला इतिहासाचा आधार हवा असेल, तर अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलच्या 'आईन-ए-अकबरी'त तो भरपूर मिळतो. मोठ्या बारगाहमध्ये, म्हणजे दरबारी तंबूत, दहा हजारांहून अधिक माणसे मावत आणि ती उभारायला यंत्रांच्या साहाय्याने एक हजार फरासांना (तंबू उभारणाऱ्या सेवकांना) आठवडा लागे, असे तो नोंदवतो. एका मुक्कामाचे सामान न्यायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० वाहक लागत. सोबत बेलदार, पखालवाले, सुतार, तंबू शिवणारे, चांभार, मशालजी असा ताफा असे. त्याच ग्रंथात दुमजली तंबूही आहे: १८ खांबांवर उभारलेला लाकडी तक्तपोशीचा मजला आणि त्यावर खाचांत बसवलेले वरचे खांब. माणसांचे वजन लाकडी सांगाडा घेतो आणि कापड फक्त आडोसा करते. कापडाच्या मजल्यावर चालणारी पात्रे दाखवण्यापेक्षा ही रीत कितीतरी पटणारी आहे.

सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्निए बादशाही तंबूंच्या दोन थरांचे वर्णन करतो: बाहेर लाल कापड, आत मच्छलीपट्टणचे छापील छीट. टिपू सुलतानाचा छापील सुती तंबू आज वेल्समधल्या पोविस किल्ल्यात जपलेला आहे. नाजूक नक्षी आतल्या अस्तरावर ठेवणे व्यवहाराला धरून असते. बाहेरचा थर ऊन, पाऊस आणि धूर झेलतो. दोन थरांमधली हवा उष्णताही अडवते.

सांगाड्यावर उभे राहणारे तंबू

काही तंबू तणाव्यांवर फारसे विसंबत नाहीत. मंगोलियाच्या गेरमध्ये लाकडी पट्ट्यांची घडी होणारी जाळीदार भिंत गोलाकार उभी करतात, मध्यभागी उंचावर एक लाकडी चक्र धरतात आणि भिंतीपासून चक्रापर्यंत वासे बसवतात. वर लोकरीचे नमदे चढतात. वासे भिंतीला बाहेर ढकलतात. ती उलगडून पसरू नये म्हणून तिच्याभोवती पट्टे आवळलेले असतात. हा पट्टाच गेरचा प्राण आहे, आणि कल्पित चित्रांत नेमका तोच गाळला जातो. गेर बांधण्याच्या या कारागिरीला २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातील आदिवासींच्या टिपीत आधी तीन किंवा चार खांब एकत्र बांधून उभे करतात आणि बाकीचे त्यांच्या बेचक्यात टेकवतात. त्यामुळे शेंड्यावर खांबांची मोळी बाहेर डोकावते. टिपीचा शंकू किंचित कललेला असतो, मागची बाजू अधिक उभी असते, आणि धूर बाहेर काढणारे दोन पंखे वाऱ्याच्या दिशेप्रमाणे लांब काठ्यांनी फिरवतात.

अरबस्तानातल्या बदू लोकांचा काळा तंबू याच्या दुसऱ्या टोकाला आहे. शेळीच्या केसांच्या विणलेल्या लांब पट्ट्या जोडून केलेले ते छत बुटके, पसरट आणि लांब तणाव्यांनी धरलेले असते. वारा त्याच्यावरून सरकून जातो. कोरड्या हवेत त्याची वीण सैल राहून वारा खेळतो, आणि पाऊस आला की धागे फुगून भोके बुजतात. तिन्ही ठिकाणी आकार हवामान, मिळणारे साहित्य आणि ओझे वाहणारे जनावर यांनी ठरवला आहे. झाडे नसलेल्या कल्पित प्रदेशात शेकडो लांब खांबांची छावणी दाखवायची, तर ते खांब कुठून आले आणि कोण वाहून नेते, हेही ठरवावे लागते.

जादूला किती जागा

अद्भुतकथेत निसर्गाचे नियम मोडता येतात, पण कोणता नियम मोडला ते स्पष्ट असावे आणि उरलेले नियम चालू राहावेत. 'हॅरी पॉटर अँड द गॉब्लेट ऑफ फायर'मध्ये क्विडिच या जादूगारांच्या खेळाच्या विश्वचषकाच्या वेळचा तंबू बाहेरून साधा आणि आतून घरासारखा ऐसपैस आहे. जादू आतल्या जागेपुरती आहे. बाहेरचे कापड आणि दोऱ्या नेहमीच्याच राहतात.

अद्भुत साहित्य वापरतानाही हीच शिस्त लागते. कोळ्याच्या जाळ्यापासून विणलेले अभेद्य कापड कल्पिले, तर कापड फाटणार नाही. पण भार नाहीसा होत नाही. मग दोरी तुटेल, दोरी जादूची केली तर मेख उपटेल. अजगराच्या किंवा ड्रॅगनच्या हाडांचा सांगाडा वापरायचा असेल, तर युक्रेनमधल्या मेझिरिच येथील सुमारे १५ हजार वर्षांपूर्वीची मॅमथच्या हाडांची घरे मार्ग दाखवतात. वाकडी फासळी एकटी उभी केली तर भाराखाली आणखी वाकते; समोरासमोर टेकवून, बुडाशी दाबून बांधली तर कमानीचे काम करते. तरंगत्या शिळेला टांगलेल्या तंबूला खांब लागणार नाही, पण खालून ताण दिल्याशिवाय तो प्रत्येक झुळकीला हेलकावे खाईल.

कागदावर येण्याआधी

आकार ठरवताना छोटे प्रतिरूप फार मदत करते. जाड पुठ्ठ्यावर काड्या उभ्या कराव्यात, जुन्या मोज्याचे ताणले जाणारे कापड त्यांवर घालावे आणि दोरा बांधून टाचण्यांनी ओढावे. कापड स्वतःच खरा आकार घेते, सुरकुत्या कुठे पडतात ते दाखवते, आणि एक टाचणी काढली की काय कोसळते हेही कळते. त्यावर कडेने प्रकाश टाकला की सावल्यांचा नमुना आयता मिळतो.

रेखाटन करतानाचा क्रमही उभारणीसारखाच ठेवावा. आधी जमीन आणि वाऱ्याची दिशा, मग खांब किंवा सांगाडा, मग मेखा आणि तणावे, त्यांवर कापड, आणि शेवटी झालरी, निशाणे, कळस. तयार झालेल्या तंबूच्या प्रत्येक भागावर बोट ठेवून तिथला भार पुढे कुठे जातो, हे पाहावे. बोट कापडावरून दोरीवर, दोरीवरून मेखेवर किंवा खांबावर, आणि तिथून जमिनीवर न अडता पोहोचले, तर आकार कितीही अद्भुत असला तरी रचना पटते. बोट जिथे अडते, तिथे एक खांब, एक कडे किंवा एक तणावा वाढवावा लागतो.